विनीत, निमंत्रक आणि शेवटची ओळ

पनवेलमध्ये डॉक्टरांची संघटना आहे, सीए मंडळींची आहे, वकिलांची आहे, इंजिनिअर-आर्किटेक्टांची आहे, केमिस्टांची आहे. दातांच्या डॉक्टरांची वेगळी, होमिओपॅथांची वेगळी. वैद्यांची तर असणारच. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ साली ज्या गावात उभा राहिला, तिथल्या वैद्यांनी एकत्र यायचं नाही तर कुणी? कुणी रोग बरा करतो, कुणी कर वाचवतो, कुणी जामीन मिळवून देतो, कुणी प्लॅन पास करून आणतो. धंदे निराळे, पण पदग्रहण सोहळ्याची पत्रिका सगळ्यांची सारखी. हे मी अधिकाराने सांगतो, कारण त्यातल्या बऱ्याच पत्रिका माझ्या छापखान्यात छापल्या जातात.

(छापखानेवाल्यांचीही एक संघटना आहे. तिच्याविषयी मी काही बोलणार नाही. तिच्या सोहळ्याची पत्रिका दुसऱ्याने छापली.)

या मंडळींच्या सभांना नेतृत्वावर बोलायला बाहेरून वक्ते येतात. ते पडद्यावर त्रिकोण दाखवतात, वर्तुळं दाखवतात, एक बाण वर गेलेला दाखवतात. मला विचाराल तर नेतृत्व पॉइंटात मोजतात. अध्यक्षांचं नाव १८ पॉइंट ठळक, उपाध्यक्षांचं १४, सचिव-खजिनदार १२, आणि कार्यकारिणी सदस्य ९ पॉइंटात, स्वल्पविराम देऊन, एकापाठोपाठ एक. ९ पॉइंटात छापलेला माणूस पुढच्या वर्षी १२ व्हायला बघतो आणि १२ चा माणूस १८ ला घाबरतो. त्याचं कारण पुढे येईल.

पत्रिकेत माणसं बसवणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सगळ्यात वर उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग सन्माननीय अतिथी. त्याखाली 'प्रमुख उपस्थिती', त्याखाली 'विशेष उपस्थिती'. या दोन उपस्थितींमध्ये फरक काय, ते मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही, पण एकातलं नाव दुसऱ्यात गेलं की रात्री साडेदहाला फोन येतो. मग मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे जे येणार नाहीत हे नक्की असतं ते. मग स्वागतोत्सुक, निमंत्रक, विनीत. एवढं करूनही एखादा माणूस उरतोच. त्याने हॉलची शिफारस केलेली असते किंवा त्याच्या मेव्हण्याचं केटरिंग असतं. त्याच्यासाठी 'विशेष सहकार्य' नावाची सोय केलेली आहे.

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. गावात एक नगराध्यक्ष असायचे, ते एका ओळीत बसायचे. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ७८ नगरसेवक निवडून आले आणि 'प्रमुख उपस्थिती'च्या ओळीवर जो ताण आला तो आजतागायत उतरलेला नाही. शिवाय खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सगळं आता एकच शहर. त्यामुळे कार्यकारिणीत प्रत्येक वसाहतीचा एक माणूस लागतो. 'सगळ्या भागांना प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे' असा ठराव झाला की माझ्याकडे लेटरहेडचं नवीन काम येतं. एका संघटनेच्या लेटरहेडवर डाव्या समासात इतकी नावं झाली, की पत्र लिहायला उजवीकडे फक्त 'आपला विश्वासू' मावेल एवढीच जागा राहिली. त्यांनी ती जागा कधी वापरल्याचं मला आठवत नाही. पत्र कोण लिहितो हल्ली? सगळं व्हॉट्सअॅपवर.

खरं तर संस्था काढायला इतकी नावं लागत नाहीत. आपल्याच तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बघा. त्यांनी १८६० साली पुण्यात वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आणि अजून चालू आहे. तीन माणसं. तिघांत सहसचिव कोण आणि सहखजिनदार कोण, हे ठरवायला किती बैठका झाल्या असतील कोण जाणे. बहुधा झाल्याच नसाव्यात. फडके तेव्हा पंधरा वर्षांचे होते. आजच्या कुठल्याही शाखेने त्यांना 'युवा प्रतिनिधी, निमंत्रित सदस्य' यापलीकडे काही दिलं नसतं.

युवा म्हणजे काय, तेही सांगतो. या संघटनांत साठीच्या आतल्या प्रत्येकाला 'मुलगा' म्हणतात. "चांगला काम करणारा मुलगा आहे, त्याला घ्या." तो मुलगा चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे माझ्या काउंटरवर पत्रिका हातभर लांब धरून वाचत असतो. त्याची स्वतःची मुलगी बारावीला असते. 'काम करणारा मुलगा' हे विशेषण एकदा चिकटलं की सुटत नाही. प्रोजेक्टरची वायर तोच आणतो, वक्त्यांना स्टेशनवरून तोच घेऊन येतो, आणि आभारप्रदर्शनात त्याचं नाव राहतं, कारण आभारप्रदर्शनही तोच करत असतो.

आता १ जुलैकडे येऊ. ही तारीख ज्याने कुणी एवढी गजबजवून ठेवली त्याला पनवेलच्या पावसाची कल्पना नसावी. डॉ. बिधानचंद्र रॉय १८८२ साली १ जुलैलाच जन्मले आणि १९६२ साली १ जुलैलाच गेले, म्हणून तो डॉक्टर दिन. १९४९ चा सनदी लेखापालांचा कायदा १ जुलैला अमलात आला, म्हणून तो सीए दिन. वसंतराव नाईकांची जयंती १ जुलैची, म्हणून राज्यात तो कृषी दिन. स्टेट बँकेचा वाढदिवस १ जुलै, साल १९५५. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, लायन्सचंही. तेवढ्यावर भागेना म्हणून सरकारने २०१७ साली जीएसटी १ जुलैला आणला आणि २०२४ साली भारतीय न्याय संहिताही १ जुलैपासूनच लागू केली. त्या वर्षी वकिलांनाही व्याख्यानासाठी हॉल हवा होता. गावातले बरे हॉल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, पण ते मोठं. तिथे साठ माणसं बसवली की सोहळ्यापेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतात, आणि फोटोत नेमक्या त्याच येतात.

शेवटी होतं असं, की कुणी सोहळा आदल्या रविवारी ढकलतं, कुणी पुढच्या शनिवारी, आणि उरलेले सगळे १ जुलैलाच रात्री साडेआठला. त्या संध्याकाळी पाऊस असतोच. गाढी नदी भरलेली, उरण नाक्याला गाड्या अडकलेल्या, वाशीहून येणारे प्रमुख पाहुणे कळंबोली सर्कलला थांबून 'पाच मिनिटांत पोचतो' असा निरोप देतात. पाहुणे मुंबईचे असले तर ते हार्बर लोकलने येतात आणि कार्यक्रम संपायच्या आत परत निघतात, कारण शेवटच्या गाडीची चिंता त्यांना दीपप्रज्वलनापासूनच लागलेली असते.

दीपप्रज्वलन मी जवळून पाहिलं आहे. फ्लेक्स लावायला आमचा मुलगा गेला की मीही जातो. (हा मुलगा खरोखरचा मुलगा आहे.) समई पितळेची, पाच वाती, तेल काठोकाठ. व्यासपीठावर नऊ माणसं. प्रत्येकाचा हात लागला पाहिजे, म्हणून मेणबत्ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरते. पंखे बंद करतात, कारण ज्योत विझते. पंखे बंद झाल्यावर जुलैतल्या पनवेलमध्ये कोटाच्या आत माणसाचं काय होतं हे डॉक्टरांनाच विचारावं. पाचवी वात पेटेपर्यंत पहिली विझलेली असते. मावळते अध्यक्ष ती पुन्हा पेटवायला वाकतात, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडतो, "सर, इकडे बघा." सर इकडे बघतात. मेणबत्तीचा थेंब नियोजित अध्यक्षांच्या बुटावर पडतो. संपूर्ण सोहळ्यात सत्तांतराचा एवढा एकच प्रत्यक्ष पुरावा असतो.

यानंतर मावळते अध्यक्ष आपल्या कारकिर्दीचा अहवाल वाचतात. तोही मीच छापलेला असतो, त्यामुळे तो मला आधीच माहीत असतो. आरोग्य शिबिर, वृक्षारोपण, रक्तदान, व्याख्यान, सहल. वृक्षारोपण दरवर्षी त्याच ठिकाणी होतं. एकदा सहज विचारलं, की मागची झाडं काय झाली. ते म्हणाले, "त्यासाठीच तर परत लावतो."

रोटरीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. ही मंडळी तशी एका व्यवसायाची नव्हेत, पण सुरुवात धंदेवाल्यांनीच केली. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना बोलावलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर, एक शिंपी. इंजिनिअरच्या ऑफिसात पहिली बैठक झाली. आळीपाळीने एकेकाच्या जागेवर भेटायचं, एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपापसात कामं द्यायला बरं. पाचवा माणूस आला तो हॅरी रगल्स. तो छापखानेवाला होता. बघा, अमेरिकेतही पाच माणसं जमली की छापखान्याची गरज पडतेच. रगल्सने म्हणे बैठकीत गाणी म्हणायची प्रथा पाडली. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्याने पत्रिका छापली असणार, प्रूफ तपासलं असणार, नावांचा क्रम चारदा बदलला असणार. त्यानंतर माणूस गाणंच म्हणतो.

तर प्रूफ. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. पत्रिकेचा मजकूर अध्यक्ष पाठवतात. कसा पाठवतात? रोजनिशीच्या पानावर पेनाने लिहितात, त्याचा फोटो काढतात, तोही आडवा, आणि वर 'शेठ, अर्जंट' असं लिहून पाठवतात. पनवेलला सगळ्यांना शेठ म्हणायची पद्धत आहे. ज्याची उधारी असते त्यालाही म्हणतात, ज्याचे पैसे थकवलेत त्यालाही म्हणतात. मी त्यांना डॉक्टर म्हणतो. मग आम्ही एकमेकांना मान देऊन कामाला लागतो.

पण प्रूफ तपासायला अध्यक्ष येत नाहीत. ते "बघून टाका तुम्हीच" म्हणतात. उपाध्यक्ष येत नाहीत, त्यांना कार्यक्रम आहे हे माहीत नसतं. येते सचिव. आमच्याकडे गेली काही वर्षं एक डॉक्टर बाई येतात. दवाखाना बंद करून, रात्री पावणेदहाला, छत्री दाराबाहेर उघडीच ठेवून. स्टुलावर बसतात. पर्समधून आधी स्टेथोस्कोप निघतो, मग पावतीपुस्तक, मग लाल पेन. मी कॉम्प्युटरवरचं प्रूफ कागदावर काढून देतो, कारण पडद्यावर चुका दिसत नाहीत हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"काका, यांच्या नावाआधी 'मा.' राहिलंय."

"मॅडम, सगळ्यांना 'मा.' लावलं तर ओळ तुटते."

"तुटू दे. 'मा.' नसेल तर ते येणार नाहीत. आणि आले तर बोलतील."

"आणि हे दोघं?"

"हे दोघं शेजारी शेजारी नकोत. मध्ये कुणीतरी घाला."

"कोण घालू?"

त्या थोडा वेळ विचार करतात. मग एका दिवंगत सभासदाच्या पत्नीचं नाव सांगतात. त्या बाई खरंच येतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि दोन्ही बाजूंचे दोघं सभ्यपणे बोलतात. ही युक्ती त्रिकोण-वर्तुळवाल्या वक्त्याला सुचली नसती.

मग त्या ताटांचा आकडा काढतात. शंभर पत्रिका गेल्या, साठ जण 'येतो' म्हणाले, पाऊस असेल तर चाळीस, नसेल तर पंचावन्न, जेवण असल्याचं कळलं तर सत्तर. केटरर पन्नासला तयार. व्हेज किती, नॉनव्हेज किती, कुणाची एकादशी. या सगळ्या हिशेबात अध्यक्षांचा फोन येतो, "मॅडम, माझा फोटो जरा मोठा घ्यायला सांगा." मॅडम माझ्याकडे बघतात. मी फोटो मोठा करतो. त्या पत्रिकेत स्वतःचं नाव कुठे आहे ते बघत नाहीत. मीच बघतो. शेवटच्या ओळीत, १२ पॉइंट, 'सचिव' या शब्दानंतर विसर्ग पडल्यासारखं.

म्हणून १२ चा माणूस १८ ला घाबरतो. सचिव असताना काम असतं, अध्यक्ष झाल्यावर कामाशिवाय भाषणही करावं लागतं. शिवाय अध्यक्ष झालं की स्वतःसाठी सचिव शोधावा लागतो. तो कुठून आणायचा?

अध्यक्ष निवडण्याची पद्धत मात्र सगळीकडे एकच. कुणीही अर्ज भरत नाही. ज्येष्ठ मंडळी बसतात, एखाद्याकडे बघतात. तो म्हणतो, "मला नको, प्रॅक्टिस वाढलीय." दुसऱ्यांदा विचारतात. तो म्हणतो, "यंदा मुलीचं लग्न आहे." पंगतीत शेवटची जिलबी नको नको म्हणत ताटावर आडवा हात धरायचा आणि बोटांच्या फटीतून ती वाढून घ्यायची, तसं तिसऱ्यांदा तो गप्प बसतो. गप्प बसला की निवड सर्वानुमते झाली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. इतिवृत्ताच्या वहीत 'टाळ्यांच्या गजरात' असं लिहितात. वही कोण लिहितं? सचिव.

दुसऱ्या वर्षी या माणसाला मोकळं करायला हवं, पण तोवर त्याला चटक लागलेली असते. मग घटनेत 'मावळते अध्यक्ष हे पदसिद्ध सदस्य राहतील' असं कलम असतं ते कामाला येतं. अध्यक्ष होणं एक वर्षाचं, माजी अध्यक्ष असणं जन्मभराचं. हा हिशेब बऱ्याच जणांनी केलेला असतो. माझ्या छापखान्यात एका संघटनेची माजी अध्यक्षांची यादी कायम तयार ठेवलेली फाइल आहे. दरवर्षी तिच्यात एक नाव वाढवतो, कुणी गेलं की नावाआधी 'कै.' लावतो. यादीतून कमी कुणीच होत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीसही आमच्याकडे येते. तिचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक छापखान्यात ते तयार जुळवून ठेवलेलं असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. लोकशाहीची थोरवी सांगणारी पुष्कळ वाक्यं मी छापली आहेत, पण काम होतं ते या एका वाक्याने. सगळ्या सभासदांना ते तोंडपाठ असल्यामुळे पहिल्या सभेला कुणीच येत नाही. सहाची सभा असते. सहाला सचिव येतात, खुर्च्या मांडणारा पोऱ्या येतो. सव्वासहाला खजिनदार. साडेसहाला सभा तहकूब झालीय की सुरू झालीय, हे ठरवायला पुरेशी माणसं जमतात. सात वाजता गणसंख्या नसलेल्या सभेला पस्तीस माणसं हजर असतात आणि त्यातले दोघं 'गणसंख्या पूर्ण आहे का' असा प्रश्न विचारतात.

जमाखर्चावर चर्चा होते ती नेहमी एकाच बाबीवर. गेल्या वर्षीचे चहा-नाश्त्याचे पैसे. शिबिराच्या औषधांचे, हॉलच्या भाड्याचे, लेखापरीक्षणाचे आकडे माना डोलावून मंजूर होतात; चहाचे बाराशे रुपये मात्र अर्धा तास खातात. गंमत म्हणजे सीएंच्या सभेतही हेच होतं.

नवी कार्यकारिणी आली की कागदावरही यावी लागते. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असते, १९५० च्या विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीही. बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. आपलं कार्यालय अलिबागला. पनवेलहून पेण, पेणहून वडखळ, आणि वडखळला काय होतं ते कोकणात गाडी नेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सचिव एक दिवस दवाखाना बंद ठेवून जातात. तिथे कळतं की मागच्या कार्यकारिणीचा बदल अजून मंजूर झालेला नाही, त्याच्या मागच्या कार्यकारिणीच्या एका सदस्याची सही राहिली होती. तो सदस्य आता बाणेरला राहतो. तेव्हा व्यासपीठावर एक अध्यक्ष, कागदावर दुसरा आणि बँकेत सही तिसऱ्याची, असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं. हे मला कसं ठाऊक? एका संघटनेने माझ्या बिलाचा चेक अशा खजिनदाराच्या सहीने दिला होता, जे खजिनदार नव्हते. बँकेने तो परत केला. नवे खजिनदार म्हणाले, "शेठ, ते बिल आमच्या काळातलं नाही."

मग ही माणसं हे का करतात, असा प्रश्न पडतो. काही कारणं रोकडी आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करायची तर डॉक्टरला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते व्याख्यानं-परिषदांना बसून मिळतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएलाही असे शिक्षणाचे तास भरावे लागतात. त्यामुळे व्याख्यान असलं की दारातल्या टेबलावर रजिस्टरपाशी रांग असते. सही करून काही जण आत जातात, काही जण इमर्जन्सीला. इमर्जन्सीची वेळ व्याख्यानाबरोबर सुरू होते आणि जेवणाचा काउंटर उघडला की संपते. पेशंट वाचलेला असतो.

पण पॉइंटांसाठी रात्री पावणेदहाला कुणी छापखान्यात येत नाही. ते वेगळं काहीतरी आहे. २६ जुलै २००५ ला पनवेलमध्ये पाणी शिरलं, पुढे कोविड आला, तेव्हा कुठल्या डॉक्टरचा दवाखाना उघडा आहे, कुणाकडे औषध आहे, कुणाला न्यायला गाडी लागेल, याच्या याद्या मोठ्या नावाच्या माणसांकडे नव्हत्या. त्या याद्या सभासद वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्यांकडे होत्या, कारण सगळ्यांचे नंबर, पत्ते आणि स्वभाव त्यांनाच माहीत होते. चार वर्षं ताटं मोजलेल्या माणसाला गाव मोजता येतं. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेदाचं अखिल भारतीय संमेलन भरवलं, कलकत्त्यात १९२८ साली डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. इतिहासात ठराव राहतात, अध्यक्षांची भाषणं राहतात. पण तेव्हाही देशभरातून येणाऱ्या वैद्यांच्या गाड्या कुठल्या, उतरायचं कुठे, कुणाला सोवळ्याचं जेवण लागतं, याची वही कुणीतरी ठेवलीच असणार. त्याचं नाव कुठेही १८ पॉइंटात छापलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

मध्यंतरी आमच्या डॉक्टर बाईंना एका सभेत अध्यक्षपद देऊ केलं. त्या म्हणाल्या, "मला नको." सगळ्यांना वाटलं, दुसऱ्यांदा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं. "मला नको." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी अध्यक्ष झाले तर पत्रिकेचं प्रूफ कोण बघणार?" सभेत शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, "ते काम करणाऱ्या एखाद्या मुलाला द्या." पंचावन्न वर्षांचे एक ऑर्थोपेडिक सर्जन सावकाश खुर्चीतून सरकून दाराकडे जाऊ लागले. इमर्जन्सी होती.

असो. जून जवळ येतोय, तेव्हा पनवेल, उरण, कर्जतमधल्या सर्व व्यावसायिक संघटनांच्या विद्यमान, मावळत्या व नियोजित पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती. मजकूर टाइप करून पाठवा, रोजनिशीच्या पानाचा फोटो नको. अध्यक्षांचा फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ओळखपत्रावरच्या फोटोचा फोटो दहा फुटी फ्लेक्सवर नेला की चेहऱ्याऐवजी फक्त टाय ओळखू येतो. नावांचा क्रम बैठकीत ठरवा, माझ्या काउंटरवर नको. मागच्या वर्षीचं बिल कुणाच्याही काळातलं असो, द्या. आणि पत्रिका २० जूनपर्यंत द्या. ३० जूनला संध्याकाळी आणलीत तरी छापून देईन, पण मग 'निमंत्रक' म्हणून नाव टाकीन ते रात्री प्रूफ तपासायला जो येईल त्याचं, आणि तेही १८ पॉइंटात.